चाकांवरचं घर आणि दगडातला रथ : पुणे ते दारासुरम्

या व्याख्यानमालेत आजवर मी बहुतेक लढायांबद्दल बोललो. किल्ले, खिंडी, रसद, घोडदळाच्या हालचाली असे आपले विषय असतात. आजची मोहीम मात्र दोनच माणसांची आहे. मी आणि माझी पत्नी. वाहनं तीन : एक घरासारखी राहण्याजोगी केलेली गाडी आणि तिच्या पोटात बसणाऱ्या दोन बॅटरीवरच्या तीनचाकी. काळ २०२४ चा जानेवारी महिना. लक्ष्य तमिळनाडूत कुंभकोणम् शेजारचं दारासुरम्. अंतर जाताना सुमारे साडेतेराशे किलोमीटर.

हे सांगायचं कारण असं, की तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असं एखादं माणूस असेल ज्याचे पाय आता साथ देत नाहीत, पण मन अजून प्रवासाला तयार आहे. अशा घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येतं, "आता कुठे जायचं या वयात?" त्या प्रश्नाला मी आज फौजी पद्धतीने उत्तर देणार आहे. म्हणजे कुठे, कसं, किती खर्चात आणि कोणत्या तयारीने.

निघायचं का ठरलं

मी सैन्यात आर्मी सर्व्हिस कोअरचा अधिकारी होतो. म्हणजे रसद आणि वाहनं. लढणारा जवान पुढे असतो, पण त्याची भाकरी, त्याचं डिझेल आणि त्याचं पाणी वेळेवर पोचवणारे आम्ही. माझं प्रशिक्षण मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये झालं. त्यामुळे मोडकंतोडकं तमिळ तेव्हापासून कानात आहे. त्या दिवसांत रविवारी सुट्टी मिळाली की आम्ही महाबलीपुरम् किंवा कांचीपुरम् गाठायचो. दारासुरम् राहून गेलं होतं.

माझी पत्नी शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकवायची. चोळांच्या तीन मोठ्या मंदिरांपैकी तंजावरचं आणि गंगैकोंडचोळपुरम् चं तिनं शाळेच्या सहलीबरोबर पाहिलं होतं. तिसरं दारासुरम् चं. ते पाहायला पुन्हा येऊ, असं म्हणून ती परतली होती. मग आजार आला. मज्जातंतूंचा विकार. पायांतली ताकद हळूहळू कमी होत गेली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून तिचं चालणं थांबलं. हात चांगले आहेत, बुद्धी माझ्यापेक्षा तल्लख आहे. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हातांची ताकद किती वर्षं टिकेल याची खात्री देता येत नाही.

मुलगी नाशिकला असते, मुलगा परदेशात. दोघांनाही आमचा बेत पसंत नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, विमानाने त्रिचीला जा, हॉटेलात राहा, टॅक्सीने मंदिर बघा. तीन दिवसांत परत या." सूचना वाईट नव्हती. पण हिनं तिला विचारलं, "विमानतळावर मला कोण ढकलणार? हॉटेलात न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जाईल का? टॅक्सीत मला उचलून कोण ठेवणार?" मुलगी म्हणाली, "कुणीतरी असेलच ना आई." ही म्हणाली, "तेच तर. दोन वर्षं मी 'कुणीतरी'च्या भरवशावर आहे. मला माझ्या घरासकट जायचंय."

त्या एका वाक्यावरून पुढची सगळी योजना ठरली.

गाडीची तयारी

आम्ही एक वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आतून घर करून घेतली. आपल्याकडे खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-वाहतूक वाहनांच्या वर्गात येते. पण इथे एक गोष्ट नीट ऐका. गाडीचा सांगाडा बदलून, खुर्च्या काढून, आत पलंग आणि ओटा बसवणं हे घरच्या घरी सुतार बोलावून करायचं काम नाही. त्याला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, आरसी बुकात तशी नोंद व्हावी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. नाहीतर अपघाताच्या वेळी दाव्याचा प्रश्न उभा राहतो. आमचा या कागदपत्रांत अडीच महिन्यांचा काळ गेला. तो योजनेतच धरला होता.

आतली मांडणी हिच्या मापानं केली. पलंगाची उंची व्हीलचेअरच्या बैठकीएवढी, म्हणजे सरकून जाता येतं. ओटा नेहमीपेक्षा खाली आणि त्याच्याखाली कपाट नाही, कारण तिथे गुडघे जायला हवेत. न्हाणीघराला दाराऐवजी सरकता पडदा. मधली वाट ऐंशी सेंटिमीटर. चहा तिला स्वतःच्या हाताने करता यायला हवा, ही अट होती.

विजेचा हिशेब सांगतो, कारण हा प्रश्न मला सगळे विचारतात. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर बॅटरी, म्हणजे साधारण २४०० वॉट-अवर साठा. छोटा फ्रीज दिवसाला सुमारे ६००, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ३००, दोन तीनचाकी चार्ज करायला ६०० च्या आसपास. एकूण १५००. टपावर २०० वॉटच्या दोन सौर तबकड्या. जानेवारीच्या स्वच्छ उन्हात त्या जवळपास तेवढीच वीज देतात. ढगाळ दिवस आला तर एक दिवसाचा साठा हाताशी. दुसऱ्या दिवशी कुठेतरी प्लग शोधायचा. पाण्याची टाकी १०० लिटरची. दोन माणसांना काटकसरीने दोन दिवस पुरते.

चढण्या-उतरण्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. व्हीलचेअरच्या उताराचं मान्य प्रमाण १ ला १२ आहे. म्हणजे गाडीची जमीन ६० सेंटिमीटर उंच असेल तर उतार सव्वासात मीटर लांब हवा. एवढी फळी कोण वाहणार? म्हणून आम्ही नियम केला : उतारावरून माणूस बसलेली खुर्ची कधीच चढवायची नाही. ही पुढच्या फिरत्या सीटवरून आत येते. हाताने दांडी धरून खुर्चीतून सीटवर, सीट फिरवली की आत. रिकाम्या तीनचाकी मागच्या लहान उतारावरून मी चढवतो, एका छोट्या विंचच्या मदतीने. आधी माणूस, मग माल. काफिल्याचा जुना नियम आहे हा.

तीनचाकी दोन का?

हिची तीनचाकी म्हणजे खरं तर तिची व्हीलचेअरच. तिला पुढून मोटरचं एक चाक जोडलं की ती तीनचाकी होते, काढलं की पुन्हा खुर्ची. हे उपकरण तमिळनाडूचंच आहे. आयआयटी मद्रासमधल्या पुनर्वसन साधनांच्या संशोधन केंद्रातून ते आलं. नाव नियोबोल्ट. २०२१ साली ते लोकांसमोर आलं. वेग ताशी जास्तीत जास्त २५ किलोमीटर आणि एका चार्जवर साधारण २५ किलोमीटर अंतर. गल्लीबोळांत आम्ही आठ-दहाच्या वर कधी गेलो नाही.

मग मला कशाला हवी तीनचाकी? मी चालू शकतो. हाच प्रश्न आमच्या सोसायटीतल्या मित्रांनी हसत हसत विचारला. उत्तर हिनं दिलं. "हे खुर्ची ढकलतात तेव्हा माझ्या पाठीमागे असतात. दोन वर्षं झाली, बाहेर पडलं की मला नवऱ्याचा आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. हे चालले आणि मी मोटरवर गेले, तर यांना धावावं लागतं. शेजारी शेजारी जायचं असेल तर दोघांनाही चाकं हवीत."

म्हणून दुसरी तीनचाकी. पुढे एक चाक, मागे दोन, बॅटरीवर चालणारी. अशा गाड्यांबद्दल एक नियम ध्यानात ठेवा. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि अधिकृत तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, या अटी पूर्ण असतील तर ती कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. विकत घेताना ते प्रमाणपत्र मागून घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि महामार्गावर ती कधीही उतरवू नका. महामार्ग मोठ्या गाडीसाठी, गाव तीनचाकीसाठी.

मोसम आणि मार्ग

आपल्याकडे हिवाळा म्हटलं की नोव्हेंबर-डिसेंबर. तमिळनाडूत तसं नाही. तिथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. कावेरीच्या खोऱ्यात डिसेंबरात पूर आलेले आहेत. म्हणून निघायचं ते जानेवारीत. त्यांचा मार्गळि महिना संपत आलेला असतो, सांबा भाताची कापणी सुरू झालेली असते आणि रात्री गाडीत पंखाही लागत नाही.

३ जानेवारीला सकाळी सात वाजता पुणे सोडलं. पहिला मुक्काम कराड. मग बेळगाव, हुबळी, दावणगेरे. रोजचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, दोनशेच्या वर कधीच नाही. दर दीड तासाला थांबा, कारण हिला बसण्याची जागा बदलावी लागते. नाहीतर त्वचेला जखमा होतात. दुपारी तीननंतर गाडी चालवायची नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा पक्की. मुक्काम बहुधा पेट्रोल पंपावर किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात, परवानगी मागून. ट्रकवाले आमची फार काळजी घेत. हुबळीजवळ एका सरदारजी ड्रायव्हरने आतलं स्वयंपाकघर पाहिलं आणि आपल्या डब्यातला गाजर हलवा हिच्या हातात ठेवला.

दावणगेरे सोडल्यावर आम्ही वाकडी वाट करून चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरेला गेलो. शहाजीराजांचं निधन १६६४ साली तिथे झालं. तिथे त्यांची समाधी आहे. तमिळ देशातल्या मराठी राज्याची कथा सुरू होते ती या घराण्याच्या बंगळूरच्या जहागिरीपासून. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी पुढे तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं राहिलं. माझी खुर्ची आणि हिची खुर्ची समाधीपुढे शेजारी शेजारी लावून आम्ही थोडा वेळ बसलो. आजूबाजूला कुणी नव्हतं.

पुढे तुमकूर, होसूर, सेलम, त्रिची आणि १२ जानेवारीला तंजावर.

तंजावरचा द्वारपाल

तंजावरबद्दल मी स्वतंत्र बोलेन. मोठ्या मंदिरातला १८०३ चा मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं, हे सगळं मोठं प्रकरण आहे. आज दोनच गोष्टी.

पहिली. राजवाड्यातल्या कलादालनात दगडाचा एक द्वारपाल आहे. तो चोळांच्या घडणीचा नाही, चालुक्यांच्या घडणीचा आहे. त्यावरचा लेख सांगतो, की चोळ राजा पहिला राजाधिराज याने कल्याणपुरम् जाळून तो विजयचिन्ह म्हणून आणला. हे कल्याणपुरम् म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या पलीकडे. अकराव्या शतकात एवढा जड पुतळा तिथून कावेरीकाठापर्यंत नेला. रसदेचा माणूस म्हणून मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. किती बैल, किती माणसं, नद्यांचे किती उतार! आणि पुढे हा द्वारपाल कुठे होता? दारासुरम् च्या मंदिरात. तिथून तो तंजावरला आणला. आमच्या आधी साडेनऊशे वर्षांपूर्वी आपल्या बाजूचा एक प्रवासी या वाटेने दक्षिणेत आला होता. तो आपखुशीने आला नव्हता, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट छत्रांची. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलं. तिथे वाटसरूला जेवण मिळे, निवारा मिळे आणि आजारी पडला तर औषधपाणीही होई. स्वतः सरफोजीराजे १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले तेव्हा हजारो लोकांचा लवाजमा बरोबर होता. म्हणजे एक चालतं शहरच. राजाला ते शक्य होतं. पण त्यानं साध्या वाटसरूचीही सोय पाहिली. प्रवास करणारा माणूस धडधाकटच असेल असं धरून न चालणं, हा विचार आपल्याकडे नवा नाही.

दारासुरम्

१४ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, आम्ही दारासुरम् गाठलं. कुंभकोणम् पासून ते तीन-चार किलोमीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी पोंगल. गल्लीतून दारोदार पांढऱ्या पिठाचे कोलम, उसाच्या मोळ्या, हळदीची ओली रोपं. आत खेड्यांकडे वळलं की अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं. एका कार्यालयाच्या मालकाने आवारात गाडी लावू दिली. आम्ही तीनचाकी उतरवल्या आणि दोघं शेजारी शेजारी मंदिराकडे निघालो.

ऐरावतेश्वराचं हे मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलं. तंजावरचं मंदिर १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेलं. २००४ साली गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् त्यात जोडले गेले. शिखर सुमारे २४ मीटर. तंजावरच्या मानाने लहान. पण तंजावरचं भव्यपण लांबून पाहायचं असतं आणि दारासुरम् चं काम जवळ बसून.

कथा अशी सांगतात, की दुर्वासाच्या शापाने इंद्राच्या ऐरावताचा पांढरा रंग गेला, तो इथे शिवाची पूजा केल्यावर परत आला. यमाच्या अंगाचा दाह इथल्या तळ्यात स्नान केल्यावर शमला. म्हणून ते यमतीर्थ. थोडक्यात, हे शरीर बिघडलेल्यांचं दैवत आहे. हिनं मला ते आधीच वाचून दाखवलं होतं. "ऐरावताला चालायला त्रास नव्हता," मी म्हणालो. "चार पाय होते त्याला," ती म्हणाली.

दारात प्रश्न आला. चपला बाहेर काढायच्या, हे ठीक. पण चाकांचं काय? रखवालदार विचारात पडला. एका फुलवालीने आपली घागर पुढे केली. मी चारही चाकं धुतली, फडक्याने पुसली. हिनं पुढची मोटर काढून माझ्या हाती दिली, म्हणजे आता ती फक्त खुर्ची होती. रखवालदाराने हात जोडले आणि म्हणाला, "वांगो अम्मा." या आई. पायऱ्यांच्या जागी तो आणि आणखी दोघांनी खुर्ची उचलली. उचलण्याआधी त्यांनी तिला विचारलं, कुठे धरू? फार थोडे लोक हे विचारतात.

आत गेल्यावर पुढचा मंडप दिसतो. राजगंभीर मंडप. हा मंडप म्हणजे दगडाचा रथ आहे. बाजूला चाकं, उधळलेले घोडे. कोणार्कचा सूर्यरथ आपल्याला माहीत असतो. तो तेराव्या शतकातला, म्हणजे हा त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीचा. ही रथाच्या चाकाशेजारी जाऊन थांबली. तिच्या खुर्चीचं चाक आणि ते दगडी चाक जवळ जवळ. मी फोटो काढला. तोच आता तुम्हाला पडद्यावर दिसतोय.

मग खरी गंमत कळली. या मंदिराचं एक वैशिष्ट्य म्हणजे तळाकडच्या भागातली बारीक शिल्पं. तमिळ शैव परंपरेतले त्रेसष्ट नायन्मार संत आहेत. त्यांच्या कथा बाराव्या शतकातच सेक्किळार यांनी 'पेरियपुराणम्' या ग्रंथात लिहिल्या आणि इथे त्या मुख्य गाभाऱ्याच्या बाहेरून, तळपट्टीवर लहान लहान चौकटींत कोरल्या आहेत. उभा माणूस त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. वाकून पाहिलं तर पाच मिनिटांत पाठ दुखते. हिची नजर मात्र बसल्या जागी त्या शिल्पांच्या समोर. इतर प्रवासी वीस मिनिटांत प्रदक्षिणा संपवत होते. आम्हाला तीन तास लागले. बैल आणि हत्ती यांचं एकच डोकं कोरलेलं जे प्रसिद्ध शिल्प आहे, ते तिनं बोटाने एकदा बैल झाकून, एकदा हत्ती झाकून मला समजावलं.

त्या त्रेसष्टांमधल्या दोन कथा सांगतो. दंडी अडिगळ जन्मांध होते. तिरुवारूरच्या देवळाचं तळं गाळाने भरलं, तेव्हा त्यांनी काठावर आणि तळ्यात खांब रोवले, मध्ये दोर बांधला आणि तो दोर चाचपत माती काढून काठावर टाकत राहिले. लोकांनी हिणवलं, तरी काम सोडलं नाही. दुसरी काराइक्काल अम्मैयार. ती कैलासाला निघाली तेव्हा त्या पवित्र भूमीला पाय कसे लावायचे म्हणून हातांवर चालत वर गेली. ही कथा मला ठाऊक नव्हती. हिनं सांगितली आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

गाभाऱ्याच्या पायऱ्या चढायचं तिनं स्वतःच नाकारलं. "एवढं पुरे," म्हणाली. पुजाऱ्यांना बहुधा ते दिसलं असावं. आरतीचं ताट घेऊन ते खाली आले आणि विभूती तिच्या कपाळाला लावली.

ती एकटी गेली

१६ जानेवारीला सकाळी हिनं सांगितलं, "आज मी विणकरांच्या गल्लीत जाते. तुम्ही येऊ नका."

दारासुरम् रेशमासाठी प्रसिद्ध आहे. इथले बरेच विणकर सौराष्ट्री समाजाचे. शेकडो वर्षांपूर्वी पश्चिम भारतातून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत आलेले हे लोक. घरात ते अजून सौराष्ट्री बोलतात. ही भाषा मूळची गुजरातीला जवळची, पण वाटेत तिच्यात मराठीही मिसळली आहे आणि तेलुगू-तमिळही. हिला ती ऐकायची होती.

आम्ही ठरवलं, की तासाभरात ती परत येईल. फोन बरोबर, बॅटरी पूर्ण. ती नऊला गेली. दहा वाजले, सव्वादहा वाजले. फोन लागेना. मित्रांनो, मी सीमेवर रात्री काफिले काढले आहेत. बर्फात अडकलेल्या गाड्यांची वाट पाहिली आहे. त्या पंचेचाळीस मिनिटांएवढी लांब वाट मला आठवत नाही. जायला निघालो तर दिलेला शब्द मोडतो, नाही गेलो तर मन खातं. मी गाडीच्या पायरीवर बसून राहिलो.

पावणेअकराला गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. मांडीवर फुलांची पुडी, डब्यात गरम पोंगल. एका घरातल्या आजीने तिला मागाशेजारी बसवलं होतं. दोघींनी बसून शब्दांची मोजदाद केली होती. पानी, हात, तीन, चार, पाच. एक शब्द जुळला की दोघी हसायच्या. घर जाड भिंतींचं, आत फोनला रेंज नाही. इतकंच.

मी काही विचारायच्या आधी ती म्हणाली, "अहो, अठ्ठावीस महिन्यांनी मी आज कुठेतरी एकटी गेले. वाट चुकले, विचारली आणि परत आले." तिचा चेहरा घामाने डबडबलेला होता. फार वर्षांनी तो शाळेतून परतलेल्या बाईंचा चेहरा मला दिसला.

मुलीला त्या संध्याकाळी फोन लावला. हिनं तिला मंदिराबद्दल फारसं सांगितलं नाही. वाट चुकल्याचं मात्र दोनदा सांगितलं. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मीही येईन. मागे बसेन."

हिशेब आणि सूचना

आम्ही २८ जानेवारीला पुण्यात परतलो. एकूण २६ दिवस, सुमारे २८०० किलोमीटर. डिझेल आणि टोल मिळून सदतीस हजार रुपयांच्या आसपास. राहण्याचा खर्च नगण्य, कारण घर बरोबर होतं. गाडीचा खर्च मोठा असतो, हे खरं. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी भाड्याने मिळणाऱ्या कॅरॅव्हॅनची चौकशी करावी. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. मात्र आतली वाट किती रुंद आहे, न्हाणीघराचं दार केवढं आहे, हे टेप घेऊन स्वतः मोजा. फोटोवर विश्वास ठेवू नका.

निघणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी. एक, आधी जवळची तालीम करा. आम्ही पुण्याहून वाई आणि मग पंढरपूर अशा दोन छोट्या सहली केल्या, तिथे काय राहिलं ते कळलं. दोन, औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, छापील. तीन, रोजच्या मुक्कामाजवळचं मोठं रुग्णालय आदल्या रात्रीच नकाशावर शोधून ठेवा. चार, देवळात, हॉटेलात, पंपावर, सगळीकडे आपल्याला काय हवं ते आधी विचारा. पायऱ्या किती, उंबरठा केवढा, स्वच्छतागृह कुठे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करण्याची जबाबदारी सांगितलेली आहे. पण विचारणारं कुणी आलंच नाही तर उतार बांधायचं कुणाच्या डोक्यात येणार? जेवढी आपली माणसं घराबाहेर पडतील तेवढे उतार बांधले जातील.

आणि सोबत्यांसाठी एक गोष्ट. आपण काळजी घेतो म्हणजे बहुतेक वेळा मागे उभे राहून ढकलतो. जमेल तेव्हा शेजारी या. आणि कधीतरी, तासाभरासाठी का होईना, त्या माणसाला एकटं जाऊ द्या. ते फार अवघड असतं. मागच्या पायरीवर बसून राहण्याचं काम आपलं.

हिच्या हातांची ताकद गेल्या वर्षभरात थोडी कमी झाली आहे. मोटरचं चाक जोडायला आता माझी मदत लागते. म्हणून पुढची मोहीम लवकर ठरवली आहे : येत्या जानेवारीत, तिरुवारूर. दंडी अडिगळांचं ते तळं तिला पाहायचं आहे. मुलगी येणार आहे, मागच्या सीटचं माप घेऊन झालं आहे.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू, शिवाजी महाराजांची १६७७ ची दक्षिण मोहीम आणि जिंजी. तोवर रजा घेतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.